पिवळा किती

लेकीनं गिरणाऱ्याच्या मळ्यात पूल बांधला.
मला आधी वाटलं, ओढ्यावर.
तर आठ बाय चारचं निळ्या फरशीचं खोकं,
आत बोअरचं पाणी, इतकं जड
की चहाच्या पातेल्याला पांढरी कड धरते.
जावई म्हणाला, "बाबा, तुम्ही त्यातले.
क्लोरीन कुठलं घ्यायचं, तुम्हीच सांगा."

मी त्यातला.
एकतीस वर्षं पालिकेच्या जलशुद्धीकरणात,
नऊशे किलोच्या पिवळ्या सिलिंडरांशेजारी.
गळती शोधायची तर काठीला बोळा बांधायचा,
अमोनियात बुडवायचा, व्हॉल्व्हपाशी न्यायचा.
पांढरा धूर उठला की श्वास धरून पाना फिरवायचा.
तेव्हा सगळं शहर चुळा भरत असे,
नळाला जरा वास आला तर आमचा उद्धार करत असे,
नाही आला, तर आम्ही नव्हतोच.

भद्रकालीत हुजैफाभाईंनी काउंटरवर आधी गोळ्या ठेवल्या,
पेढ्याएवढ्या, गुळगुळीत.
"तरंगत्या डब्यात टाका, आठवडाभर विसरून जा."
अन्वय खूश. तो पुण्याला असतो सोमवार ते शुक्रवार.
मी म्हणालो, ही गोळी विरते
पण मागे काहीतरी ठेवून जाते.
उन्हापासून क्लोरीनला सांभाळणारं आम्ल,
आधी सावली धरतं,
मग साठतं, साठतं,
मग क्लोरीन असूनही कामाला येत नाही.
घरातल्या एखाद्या थोरल्यासारखं.
(हे बोलून मीच जरा थांबलो.)

मग दाणेदार पावडर, पासष्ट टक्के, पांढरीशुभ्र.
हिच्यात चुना. आमच्या पाण्यात आधीच काळा पाषाण विरघळलेला,
दोन महिन्यांत फरशीवर खरखर येईल,
मिहिकाच्या टाचा सोलतील.
आणि हुजैफाभाई, दोन्हींना एकच मग वापरायचा नाही,
हे गिऱ्हाइकाला सांगता ना तुम्ही?
ते म्हणाले, "साहेब, कोण ऐकतं."
मी ऐकवलं. कोरड्या मगात एकाचा चुरा दुसऱ्याला भेटला
तर आग लागते, स्फोटसुद्धा होतो.
दुकानातला पोरगा पहिल्यांदा मोबाईलवरून वर बघायला लागला.

शेवटी मागच्या खोलीतून निळा कॅन आला.
द्रव. अंबडहून येतो, स्वस्त, दिसायला काहीच नाही.
चैत्रात पत्र्याखाली ठेवला तर महिन्यात अर्धा मेलेला.
रोज मोजावा लागतो, रोज ओतावा लागतो,
उद्याचं काम तो आज करत नाही.
मागे उरतं ते थोडं मीठ.

"पण रोज कोण ओतणार?" लेकीनं विचारलं.
शलाकाचा प्रश्न रास्त होता.
मी कॅनची तारीख बघत राहिलो,
चष्मा नव्हता तरी.

आता मी गिरणाऱ्यातच असतो.
दिवस बुडाला की कॅन कमरेवर टेकवतो,
वाऱ्याकडे पाठ करून कडेकडेनं ओततो.
ऊन नसताना ओतलेलं रात्रभर टिकतं.
सकाळी मिहिका काचेच्या नळीत पाणी भरते,
मी पाच थेंब टाकतो. रंग चढायची वाट बघतो.
शेजारच्या बागेत निकुंभ मणी चिरडून
दुर्बिणीसारख्या नळीतून साखर बघत असतात.
"तुमचं किती?" ते कुंपणापलीकडून ओरडतात.
मिहिका नळी उन्हात धरते,
"तुमच्या थॉम्पसनइतकं पिवळं!"

काल तिनं माझा तळहात हुंगला, म्हणाली, "आबा, पूलचा वास."
तिच्या आजीला हाच वास येत असे.
ती ताट वाढताना म्हणायची, "आधी लिंबू चोळून या."
मी कधी सांगितलं नाही,
लिंबानं जात नाही तो.
तिला माहीत असावं.
रोज अर्धं लिंबू मात्र न्हाणीच्या कोनाड्यात
कापून ठेवलेलं असे.